मंदाताईंची खोडपानं

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मंदाताई घाटोळे दारात दिसल्या की लोक आधी पदर नीट करायचे, टेबलावरचा पसारा आवरायचे आणि मगच म्हणायचे, 'या ना ताई, बसा.' बाई वाईट नव्हत्या हो. पण त्यांना दिसायचं फार. कोण चहा पिताना करंगळी वर करतं, कोण दर वाक्याला 'मी काय म्हणतो' म्हणतं आणि शेवटपर्यंत काहीच म्हणत नाही, कोण चपला काढून पाच पावलं गेलं की परत येऊन त्या सरळ करतं, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं टेबल सांभाळलेली बाई ती. तिच्या नजरेतून सुटणार काय?

त्या दिसण्याचं त्यांनी सोनं केलं होतं, निदान त्यांना तरी तसं वाटायचं. विदर्भातून रेल्वेत, सरकारी खात्यांत, भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी घरांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी देवळामागच्या हॉलमध्ये जमतं. छत्तीसगड राज्य झालं त्याच वर्षी मंदाताईंनी तिथे एक रीत पाडली. मंडळातल्या कुणाला पंच्याहत्तर लागली की शाल-श्रीफळाच्या आधी त्याचं 'खोडपान' वाचायचं. म्हणजे त्या माणसाच्या खोडींचं एक पान. "गुण काय, मेल्यावर सगळेच सांगतात," त्या म्हणायच्या. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मग जितेपणीच ऐकून घ्या ना!" पंधरा दिवस आधीपासून त्या तयारीला लागायच्या. विरजण मागायच्या निमित्तानं त्या घरी जायच्या, ओट्यापाशी उभ्या राहून सुनेला बोलतं करायच्या आणि घरी येऊन रेघांच्या कागदावर हिरव्या शाईनं लिहायच्या. पंधरा वर्षांत अडतीस पानं झाली. हॉल पोट धरून हसायचा. हसण्याचा तो आवाज मंदाताईंना देवळातल्या घंटेपेक्षा गोड लागायचा.

आणि मग आली राधिका वैरागडे.

नागपूरची पोट्टी, चाळिशीच्या आतली. नवरा नव्या रायपुरातल्या कुठल्याशा संस्थेत, आणि ही तिथल्याच वाचनालयात. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून स्वतः गाडी चालवत पंचवीस किलोमीटर यायची, आणि गाडी देवळाशी मावत नाही म्हणून लांब लावून गल्लीतून चालत यायची. चालत यायची तीही हसत. मंदाताईंना पहिल्या दिवशीच तिची एकही खोड सापडली नाही, आणि तेव्हाच त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

तिसऱ्या बैठकीत तिनं हात वर केला. "काकू, एक विचारू? रागावू नका. खोड म्हटलं की दोष आला. चांगल्या माणसाची चांगलीच सवय असली तरी ती खोड होते. त्यापेक्षा 'लकब' म्हटलं तर?"

झालं. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काय ते नीट सांग ना बाई." मग ती उभी राहिली आणि अगदी हळू, गोड आवाजात सांगायला लागली. लकब म्हणजे माणसाची आपली अशी खास धाटणी. बोलण्याची, चालण्याची, हात हलवण्याची, जिच्यावरून तो गर्दीतही ओळखू येतो. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे त्याचा अर्थ लोकांनी दिलेला किताब, बिरुद. मराठीत येता येता किताब गळला आणि माणसाची ढब तेवढी राहिली. हिंदीवाले क खाली टिंब देतात, आपण देत नाही. आपल्याकडे ती लकब, अनेक असल्या तर लकबी. खोडीचं मूळ मात्र कुणी नक्की सांगत नाही, असंही ती जाता जाता बोलली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका शब्दाला टाळ्या! मंदाताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अडतीस पानांना हशा मिळाला होता, पण टाळ्या? त्यांनी आठवून पाहिलं. शाल पांघरल्यावर वाजायच्या, पण त्या शालीला.

घरी येऊन पदर खोचला, स्टूल घेतलं, माळ्यावरचा जाडा शब्दकोश खाली काढला आणि उभ्या उभ्या 'लकब' शोधलं. पोट्टीनं सांगितलं त्यातलं एक अक्षर चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवल्या असत्या.

पुढच्या महिन्यात कुसुमताई ढोबळ्यांची पंच्याहत्तरी होती. त्यांनी सरळ सांगितलं, "माहं पान राधिकाले लिहू द्या." मागे लावायचा फलक गोल बाजारातल्या पेंटरकडून आला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'लक़ब', क खाली ठसठशीत टिंब. मंदाताईंना आत उकळ्या फुटल्या. भर हॉलमध्ये त्या उभ्या राहिल्या. "मराठीत क खाली टिंब नसतं म्हणे! आम्हाले तर असंच सांगितलं होतं कोणीतरी."

"अगंबाई! बरोबर आहे काकू," राधिका म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं." आणि स्टेजवर जाऊन तिनं नखानं खरवडून ते टिंब काढून टाकलं, वर 'थँक यू काकू' म्हणाली. जिंकून हरल्यासारख्या मंदाताई खाली बसल्या. आता या पोरीशी भांडायचं तरी कसं?

पान वाचलं गेलं. कुसुमताई फोनवर बोलताना समोरचा दिसत नसूनही मान डोलावतात, निरोप घेताना दारात तीनदा 'बरं' म्हणतात आणि चौथ्या 'बरं'ला नवीन विषय काढतात, असलं साधंच. लोक हसले, पण हळू हसले. कुसुमताईंनी डोळे टिपले, आणि आठ दिवसांत ते पान काचेत मढवून दिवाणखान्यात लावलं, ऐन टीव्हीच्या वर.

ती चौकट पाहिली आणि मंदाताईंना झोप येईना. हेव्याचं असं असतं बघा, दुसऱ्याच्या भिंतीवरचा खिळा आपल्या छातीत ठोकल्यासारखा वाटतो. त्यांनी ठरवलं, आपल्या अडतीस पानांचं पुस्तक छापायचं. एक पान मढवून काय होतं, इथे अख्खा ग्रंथ आहे! नक्कल ठेवायची त्यांना कधी सुचलं नव्हतं. वाचून झालं की पान त्या माणसाच्या हातात द्यायचं, ही रीत. तेव्हा निघाल्या पिशवी घेऊन घरोघर.

पहिल्या घरी म्हणाले, "शिफ्टिंगमध्ये कुठे गेलं काय माहीत." दुसऱ्या घरी वाळवी लागली होती. तिसऱ्या घरी पिंकी नावाची नात आतून हिंदीतच ओरडली, "दादी, वो वाला पेपर तो आपने ही फेंका था न?" आणि आजीबाईंना एकदम खोकला आला. चार दिवसांत बावीस घरं झाली. पिशवीत एक कागद नाही.

शेवटी तुळशीराम गजभियांकडे गेल्या. तुळशीरामजी मंडळाचे अध्यक्ष. भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं रोज जाऊन-येऊन नोकरी केलेला माणूस, लाइटबिलंसुद्धा वर्षवार लावून ठेवणारा. त्यांच्याकडे नसेल तर कुणाकडे असणार?

"नाही ताई," ते म्हणाले.

"काहून? तुम्ही तर सगळं जपून ठेवता."

"ते फाडलं मी."

मंदाताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तुळशीरामजींनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही लिहिलं होतं, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी हा माणूस सकाळी पावणेसहाले डबा घेऊन दारापर्यंत जातो, आणि डबा रिकामा असतो. हॉल किती हसला होता, आठवते? खोटं नव्हतं ताई. पण शेवंता त्याच वर्षी गेली होती. चौतीस वर्षं डबा तीच भरत जाये. माही सूनही हसली त्या दिवशी. अजून पाहुणे आले का सांगते त्यायले."

"मले तेव्हा सांगायचं ना भाऊ!"

"सांगितलं असतं तर तेही पानात आलं असतं."

कुणी दुसरं असतं तर तिथेच समजलं असतं. पण मंदाताईंच्या डोळ्यांवर राधिका होती. त्या रिकामी पिशवी घडी करत घरी आल्या आणि मनात म्हणाल्या, ही पोट्टी आली आणि लोक बिथरले. आधी कुणी बोललं होतं का? तिनंच शिकवलं असेल! जळफळाट माणसाला किती हुशार करतो पाहा, सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर काढून देतो.

आणि त्यांच्याकडे अजून एक हुकमी पान होतं. पुढच्या महिन्यात हरिदासरावांची पंच्याहत्तरी. हरिदासराव म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, सज्जन, मोजकं बोलणारे. शेहेचाळीस वर्षांचा संसार. या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतं? हे पान असं लिहीन, असं लिहीन की राधिका वैरागडेनं परत पेनाला हात लावू नये! नवऱ्याच्या नव्वद खोडी त्यांनी मनात काढूनही ठेवल्या होत्या.

बैठकीत तुळशीरामजींनी विचारलं, "हरिदासभाऊ, तुमचं पान कोण लिहील?" नुसता उपचार. मंदाताई उठून उभ्याही राहिल्या होत्या.

हरिदासराव जरा वेळानं म्हणाले, "राधिकाले लिहू द्या."

सगळा हॉल एकदम फलकाकडे, पंख्याकडे, कुठेकुठे बघायला लागला. मंदाताईंकडे कुणी बघेना. राधिकाच घाबरून म्हणाली, "काका, काकू असताना मी कशी?" तर हरिदासराव नुसते हसले. मंदाताई उभ्या होत्या त्या तशाच पाणी प्यायला निघून गेल्या, जणू त्यासाठीच उठल्या होत्या.

घरी आल्यावर भांड्यांची आदळआपट झाली ती शेजारच्या गल्लीत गेली. "मी काय मेले होते? चार दिवसांची पोट्टी तुम्हाले माझ्यापेक्षा जास्त झाली? काय दिसलं तिच्यात?" शेहेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचा कुणावरून म्हणून संशय घेतला नव्हता, आणि आता घेतला तो एका कागदावरून!

हरिदासराव पेपर चाळत राहिले. मग म्हणाले, "तू रोजच सांगते मंदा माझ्याबद्दल. एक दिवस दुसऱ्यानं सांगितलं तर काय होते?"

राधिका तीनदा घरी आली, वही घेऊन. मंदाताईंनी तिला कान तुटलेल्या कपात चहा दिला, तोही पाणचट. ती 'छान झालाय' म्हणून प्यायली. ती हरिदासरावांना काही विचारायची तेव्हा मंदाताई समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसायच्या. गॅसवर दूध उतू गेलं तरी उठल्या नाहीत. नवरा हिला काय सांगतो ते एक अक्षर आपल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा पहारा! पण हरिदासराव फार काही बोललेच नाहीत. राधिका नुसती बघायची आणि लिहायची.

कार्यक्रमाचा रविवार आला. सकाळी अकराला हॉल भरला. मुलगा शेखर बिलासपूरहून सहकुटुंब आला. मंदाताई जांभळी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या, आणि मनात देवाला म्हणाल्या, हिचं पान आज पडू दे रे बाबा. नवऱ्याच्या सत्काराच्या दिवशी बायको असं मागते का? मंदाताईंनी मागितलं.

राधिकानं वाचायला घेतलं. "काका पार्सल ऑफिसातून रिटायर झाले, पण वजनकाटा घरी घेऊन आले. लाडूचा डबा, भाजीची पिशवी, कडेवरचा नातू, काहीही उचललं की आधी वजन सांगतात, मग बोलतात." लोक हसले. मंदाताई मनात म्हणाल्या, हे तर माझं नववं होतं. "काका दुकानातून निघताना उधार काही नसलं तरी 'बाकी?' म्हणून विचारतात." हे चौदावं. मंदाताईंचा श्वास जरा मोकळा झाला. पोट्टीजवळ नवीन काही नाही.

"आणि काकांची मला सगळ्यात आवडलेली लकब," राधिका वाचत होती, "काका कुठलंही वाक्य बोलायच्या आधी ओठ हलवून ते एकदा मनातल्या मनात म्हणून बघतात. 'हो' म्हणायचं असलं तरी. मी तीनही वेळा पाहिलं. शब्द तोलून मग हातात देणारा असा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

"वा!" कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या.

मंदाताईंच्या कानशिलांत जाळ झाला. ओठ हलवतात? कधी? शेहेचाळीस वर्षं समोर बसून जेवले, त्यांच्या घोरण्याचे चार प्रकार मी सांगेन, आणि हे मला दिसलं नाही? हिला तीन भेटींत दिसलं? माझ्या नवऱ्याचं हे माझ्याआधी दुसऱ्या बाईनं पाहिलं! नव्वद खोडी एका बाजूला, आणि ही एक लकब ती बया घेऊन गेली.

टाळ्या थांबल्या, शाल झाली, श्रीफळ झालं. मागे पंगत बसली. वडाभात, कढी, पुडाच्या वड्या. मंदाताई कढीचं भांडं हातात घेऊन वाढायला निघाल्या, पण डोळे नवऱ्याच्या तोंडावर. आता बघतेच, हलवतात तरी कसे!

हरिदासराव तुळशीरामजींशी बोलत होते. तोंडात घास, शितं उडताहेत, पार्सल ऑफिसातल्या कुठल्याशा पळालेल्या बकरीची गोष्ट, एका दमात, हातवारे करकरून. ओठ आधी हलत नव्हते. कुसुमताईंना काहीतरी चिडवून बोलले. तेव्हाही नाही. नातवाला रागावले, सुनेकडे मीठ मागितलं. नाही. पोट्टी खोटं बोलली! मंदाताईंच्या मनात आनंदाची अशी उसळी आली की भांड्यातली कढी हिंदकळली. आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर सांगते, म्हणून त्या पुढे झाल्या आणि नवऱ्यापुढे वाकल्या. "कढी वाढू का?"

हरिदासरावांनी वर पाहिलं. हातातला घास थांबला. ओठ हलले, अगदी बारीक, आवाज नाही. मग ते म्हणाले, "वाढ थोडी."

मंदाताई कढी वाढून पुढे गेल्या. पुढच्या पानात कढी वाढली का ताक, त्यांना कळलं नाही. राधिका खोटं बोलली नव्हती. ती तीनदा घरी आली आणि तीनही वेळा मी खुर्ची सोडली नाही. तिनं जे पाहिलं ते माझ्यासमोरचं पाहिलं. तिला वाटलं, हा माणूस असाच आहे. तुळशीरामजींचं 'तेही पानात आलं असतं' आता कुठे त्यांच्या आत शिरलं. पण पंगत अर्धी व्हायची होती. बाई वाढत राहिल्या.

दोन वाजता दोघं चालत घराकडे निघाले, ते पुढे आणि त्या चार पावलं मागे; शाल शेखरच्या गाडीतून आधीच गेली होती. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला बसतो. तो ओरडला, "का बात हे बाबूजी, बड़ सज-धज के!"

"अरे शादी थी मेरी!" हरिदासराव लगेच म्हणाले. "दुल्हन पुरानी ही मिली!" दोघं खो खो हसले. मग पाच मिनिटं त्यांचं कोळशावर, उन्हावर, त्याच्या जावयावर चाललं. मंदाताई बाजूला उन्हात उभ्या राहिल्या. राधिकाचा काय हेवा केला होता त्यांनी! आता या इस्त्रीवाल्याचा वाटत होता. रोज दोन कपड्यांच्या निमित्तानं हा माणूस माझ्या नवऱ्याचं सगळं बोलणं ऐकतो, ताजं, न मोजलेलं. मला काय मिळतं? चाळून, वजन करून दिलेलं. आणि ते तसं द्यायला त्यांना मीच शिकवलं.

घरी आल्यावर हरिदासराव खुर्चीत बसले. मंदाताईंनी पाणी दिलं आणि समोर बसायचं सोडून त्यांच्या बाजूला जमिनीवर बसल्या.

"अहो, राधिकानं ते ओठांचं लिहिलं. ते सगळ्यांशीच करता का?"

खालून त्यांना नवऱ्याची हनुवटी दिसत होती. ओठ हलले. मग आवाज आला, "सगळ्यांशीच. वय झालं आता मंदा, चालायचंच."

मंदाताई जरा जवळ सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "हेही म्हणून पाहिलं ना आधी?"

हरिदासरावांनी ग्लास खाली ठेवला. या वेळी ते ओठ न हलवता बोलले.

"हव. दोनदा."